जोडीतली दुसरी

सुज्ञ व सहृदय वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीचे वृत्त यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. यात खून नाही, दरोडा नाही, प्रेमप्रकरणदेखील नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे कोणाचा विरस होणार नाही. न्यायाच्या कामी लागलेल्या मनुष्यास जे एकटेपण सोसावे लागते त्याची ही हकीकत आहे. वाचकांनी चित्त स्थिर करून शेवटपर्यंत सोबत यावे, एवढीच प्रार्थना.

या विद्यार्थिनीस घरी घुमी म्हणत. लहानपणी दोन दोन दिवस ती तोंडातून शब्द काढीत नसे, म्हणून तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हे नाव ठेवले आणि ते तिला कायमचे चिकटले. दादा मालमोटार चालवी. आईवडिलांच्या पश्चात त्यानेच तिला कायद्याच्या कॉलेजात घातले होते. त्या कॉलेजाचा असा नियम होता की, शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एखाद्या कचेरीत इंटर्नशिप करावी, आणि तिथल्या साहेबाचे प्रशस्तिपत्र आणल्याखेरीज पदवी मिळू नये. घुमीच्या वाट्याला परक्या शहरातील समान वागणूक कचेरी आली. कातडीचा रंग, वय, व्यंग, धर्म अथवा बाईला गेलेले दिवस, यांपैकी कशाच्याही निमित्ताने कोणास काम नाकारले किंवा कामावरून काढले, तर त्याची चौकशी करून कायदा लागू करणे, हे त्या कचेरीचे कार्य होते.

कार्य थोर खरे, परंतु घुमीच्या वाट्याला आरंभी फायलींना दोरे बांधणे तेवढे आले.

"काय गं घुमे, घातलीस का धाड कुठं?" दादा फोनवर विचारी. मागे मोटारीच्या इंजिनाचा घरघराट चालू असे.

"आमच्यात धाड नसते रे दादा."

"मग करता काय दिवसभर?"

"फायली बांधते."

"अगं, एवढं शिकून बांधाबांध? मीही ताडपत्री बांधतोच की, मला कोणी पदवी दिली नाही!" असे म्हणून तो खदखदून हसे. "बरं, ते प्रशस्तिपत्र तेवढं घेऊन ये. मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची घुमी न्याय देते म्हणून."

घुमीही हसे. फोन बंद झाला की खोली पुन्हा पहिल्यासारखी होई. ती खोली एका घराच्या मागील अंगास होती. खाट, टेबल, आणि एक खिडकी, जिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे. घरमालकीण कधी समोर येत नसे. ती दारावर चिठ्ठ्या चिकटवून बोलत असे. "नळ घट्ट बंद करावा." "जिन्यात पाय वाजवू नयेत." घुमी त्या चिठ्ठ्या काढून टेबलाच्या खणात ठेवी. त्या का ठेवते, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते. कदाचित त्या शहरात तिला उद्देशून कोणी काही लिहीत होते ते एवढेच, म्हणून असेल.

थंडी सुरू झाल्यावर एके दिवशी तपासनीस बाईंनी तिला आत बोलावले. तपासनीस बाई ठेंगण्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवीत, आणि कोणतीही गोष्ट एकदाच सांगत. त्यांच्यासमोर खुर्चीत आणखी एक मुलगी बसली होती. ती दुसऱ्या कॉलेजातून याच कामासाठी आली होती. तिच्या दोन्ही हातांवर आणि एका गालावर कोडाचे पांढरे डाग होते.

"मला सगळे नकाशा म्हणतात," ती मुलगी आपणहून म्हणाली आणि हात पुढे धरले. "हे बघ, इथं समुद्र, इथं बेटं. नाव मीच ठेवलंय, दुसऱ्यांनी ठेवायच्या आत."

घुमीला हसू आले. ही मुलगी आपली मैत्रीण होईल, असा विचार तिच्या मनात त्याच क्षणी आला.

परंतु तपासनीस बाईंनी त्याच क्षणी तो खुडून टाकला.

"तुम्हा दोघींचं हे बोलणं पहिलं आणि शेवटचं," त्या म्हणाल्या. "आता नीट ऐका."

प्रकरण असे होते. शहरातील एका मोठ्या लाँड्रीत एक बाई कित्येक वर्षे इस्त्री करीत होती. अलीकडे तिच्या हातांवर कोड फुटले, आणि लवकरच तिला कामावरून कमी करण्यात आले. तिने कचेरीत तक्रार केली. लाँड्रीच्या मालकाने उत्तर दिले की, आम्ही कोणाची कातडी पाहत नाही, काम कमी झाले म्हणून माणूस कमी केले. आणि तिकडे लाँड्रीच्या काचेवर तर 'इस्त्रीसाठी बाई पाहिजे' अशी पाटी लागली होती! कातडी पाहतात की नाही, हे उघडकीस कसे आणावे? त्याकरिता कचेरीची एक रीत होती, तिला जोडीची पाहणी म्हणत. सारख्या वयाच्या, सारख्या शिक्षणाच्या दोघीजणी थोड्या अंतराने त्याच जागेसाठी जाऊन विचारतात. एकीला डाग, दुसरीला नाही, एवढाच फरक. मग दोघींना काय उत्तर मिळाले ते ताडून पाहावयाचे.

"कात्रीला दोन पाती लागतात," तपासनीस बाई म्हणाल्या. "एकट्या पात्यानं काही कापलं जात नाही. पण दोन्ही पाती वेगळी आहेत, हे मला दाखवता आलं पाहिजे. म्हणून सुनावणी होईपर्यंत दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही. चहासुद्धा बरोबर घ्यायचा नाही. एकीचे शब्द दुसरीच्या जबानीत शिरले, तर समोरचा वकील म्हणेल, दोघींनी बसून ठरवलं. आणि दुसरं, पाहणी झाली की त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. कळलं?"

"कळलं," दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकदम म्हटले म्हणून दोघी चपापल्या.

पाहणीच्या दिवशी नकाशा सकाळी जाऊन आली. तिला काय उत्तर मिळाले ते घुमीला माहीत नव्हते आणि माहीत असणे योग्यही नव्हते. दुपारी घुमी निघाली. वारा असा बोचरा होता की डोळ्यांत पाणी यावे. लाँड्रीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. दार ढकलताच साबणाचा आणि गरम सुताचा वास तिच्या अंगावर आला. कित्येक दिवसांत एवढी ऊब तिच्या वाट्याला आली नव्हती.

काउंटरमागे एक स्थूल बाई उभी होती. बाह्या वर सारलेल्या, छातीशी ॲप्रनवर दोऱ्यासकट सुया टोचलेल्या. तिच्या मागे इस्त्रीची दोन टेबले होती. एकावर शर्टांचा ढीग होता, दुसऱ्यावर चादर पसरून ते झाकून ठेवले होते.

"कपडे टाकायचे की न्यायचे?" बाईने विचारले.

"बाहेर पाटी आहे... कामाची."

"आधी दार लाव बाई, माझी सगळी वाफ पळाली! हं. ये, अशी पुढं ये. मला मावशी म्हण, सगळे म्हणतात. हात बघू."

घुमीने हात पुढे केले. मावशीने ते आपल्या ओल्या ऊबदार हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, बाह्या मनगटापासून मागे सारून पाहिल्या.

"छान. स्वच्छ आहेत. सकाळी एक आली होती, बोलायला मोठी चुरचुरीत, पण हात... जाऊ दे. जागा भरली म्हणून सांगितलं. काय करणार, गिऱ्हाईक पांढरा शर्ट काढून देतं ते आधी आपल्या हाताकडं बघतं. तू उद्यापासून ये."

घुमीला हवे होते ते सारे मिळाले होते. विचार करून सांगते, असे म्हणून तिने बाहेर पडावे, असे ठरलेले होते. तिने तसे म्हटलेही.

"विचार कसला करतेस? जेवलीस का?"

"हो."

"तोंड तर वाळलेल्या साबणासारखं झालंय. आणि हे काय, बटण लोंबतंय! थांब, हलू नकोस, टोचेल. काळा दोरा संपलाय, निळा चालेल ना? कोण बघतंय तुझ्या बटणाकडं!"

मावशीने घुमीच्या अंगावरच कोटाचे बटण शिवले. शिवताना ती इतकी जवळ आली की तिच्या केसांतला साबणाचा वास घुमीला येत होता. शेवटी तिने मान वाकवून दोरा दातांनी तोडला, आणि बटणावर हलकेच थाप मारली.

बाहेर आल्यावर घुमी कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथे भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू का येते आहे, हे तिला समजेना. तिने मनात हिशेब केला, तेव्हा तिच्या ध्यानी आले की, या शहरात आल्यापासून तिला कोणी हात लावलाच नव्हता.

कचेरीत परतल्याबरोबर तपासनीस बाईंनी तिची जबानी घेतली. हात तपासले, सकाळच्या मुलीचा उल्लेख केला, जागा भरल्याचे तिला सांगितले आणि मला उद्यापासून बोलावले, असे सर्व घुमीने जसेच्या तसे सांगितले. बटणाविषयी कोणी विचारले नाही, म्हणून तिने ते सांगितले नाही.

यानंतर जे घडले ते घडावयास नको होते. परंतु सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत भिंतीकडे पाहत बसणे म्हणजे काय असते, हे ज्याने अनुभवले असेल, तो तिला फार दोष देणार नाही. कचेरीच्या कँटीनमध्ये नकाशा एका टेबलावर बसे, घुमी दुसऱ्यावर. नजरानजर झाली तर दोघीही मान खाली घालत. ज्या एकीशी बोलावेसे वाटे तिच्याशी बोलण्याची बंदी. दादाचा फोन आठवड्याने येई. अखेर एका सुट्टीला घुमीने खाटेवरची चादर काढली. चादरीची एक कड उसवली होती. ती चादर घेऊन ती लाँड्रीच्या दाराशी गेली. चादर तर मळलीच आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून जाणे म्हणजे काही पाहणीला जाणे नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कायदा शिकणाऱ्या मनुष्याला स्वतःसाठी पळवाट चटकन सापडते.

"अगं, बटणवाली!" मावशी आतूनच ओरडली. "कामाला का नाही आलीस? मी दोन दिवस वाट बघितली!"

"परीक्षा आहे मावशी."

"शिकतेस होय? मग शीक बाई. इस्त्री काय, पळून जाते थोडीच! बस इथं, शेगडीपाशी."

मावशीने तिला सूप दिले, पाव दिला. चादर धुवायला घेतली, पावती दिली, पण नेण्याची घाई करू नकोस म्हणाली. घुमी पुढच्या सुट्टीलाही गेली, त्याच्या पुढच्याही. मावशीने तिला शर्ट इस्त्री करायला शिकवले. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, अंग शेवटी. "उलटं केलंस तर एक बाजू करेपर्यंत दुसरी चुरगळते," मावशी म्हणे. घुमीच्या हातून पहिला शर्ट बिघडला तेव्हा मावशी इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. "वकील झालीस ना, तरी तुझा काळा कोट माझ्याकडंच पाठव गं!"

एकदा घुमीने त्या झाकलेल्या टेबलाकडे पाहिले. मावशीने ते पाहिले.

"तिथं माझी मैत्रीण असायची," ती म्हणाली. इस्त्री तिने उभी करून ठेवली. "वर्षानुवर्षं दोघी शेजारी. मी हात पुढं केला की ती न बघता पाण्याचा फवारा माझ्या हातात द्यायची. मग तिच्या हातावर ते डाग आले. एक गिऱ्हाईक एकदा काहीतरी बोललं. एकच. मालकाला काही पत्ताच नव्हता. मालकाच्या कानावर मीच घातलं. मला भीती वाटली, दुकान ओस पडेल, सगळेच घरी बसू. आता दिवसभर या इस्त्रीशी बोलते मी." तिने नाक पुसले. "तू कुणाला सांगू नकोस हं. तुला सांगितलं, कारण तू बोलतच नाहीस."

ज्या गोष्टीसाठी कचेरीने दोन मुली, दोन जबान्या आणि एवढा खटाटोप मांडला होता, ती गोष्ट मावशीने घुमीच्या ओंजळीत आपणहून टाकली होती. आणि टाकली होती ती कचेरीच्या मुलीच्या नव्हे, तर बटणवालीच्या ओंजळीत.

त्याच वेळी तिने काचेकडे पाहिले. कोणीतरी बाहेरून बोटाने वाफ पुसल्यासारखे करून आत पाहत होते. वाफ आतून धरलेली असल्यामुळे पुसली जात नव्हती, तरी तो चेहरा ओळखता येत होता. गालावर पांढरे बेट होते. क्षणभर दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि नकाशा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या जिन्यात नकाशाने नियम मोडला.

"सूप चांगलं असतं का तिथं?" तिने विचारले.

घुमीने जिन्याचा कठडा धरला.

"मला तिनं बस म्हटलं नाही. खिशातून हात काढ म्हणाली. मी काढले. मग म्हणाली, जागा भरली. मला ठाऊक होतं ती तसंच म्हणणार, त्यासाठीच तर गेले होते. तरी बाहेर येऊन मला उलटी झाली." तिचा आवाज चढला नाही. "काल रस्त्यानं जाताना तुला शेगडीपाशी बसलेलं बघितलं."

"मी... मला..."

"मी कुणाला सांगणार नाही. चहाडी करायला आले नाही मी. तुझं तूच बघ. पण सुनावणीत त्यांचा वकील विचारेल, पाहणीनंतर त्या दुकानात गेला होतात का, तेव्हा काय सांगशील?"

एवढे बोलून ती वर गेली.

वाचकहो, घुमीसमोर जे संकट उभे राहिले त्याचा विचार करा. गप्प राहावे, तर शपथेवर खोटे बोलणे आले, आणि ते खोटे उघडे पडले तर तक्रारदार बाईचा दावा भर सुनावणीत कोसळणार. बोलावे, तर जोडी मोडणार, प्रशस्तिपत्र जाणार, दादाने ज्यांना ज्यांना सांगून ठेवले त्यांच्यापुढे त्याची मान खाली जाणार. आणि काहीही केले तरी त्या शहरातील एकमेव ऊबदार दार तिला बंदच होणार होते. ती दिवसभर फायलींना दोरे बांधत राहिली. एका फायलीला तिने दोनदा बांधले. संध्याकाळी ती उठली आणि तपासनीस बाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

तपासनीस बाईंनी सारे ऐकून घेतले, मग चष्मा काढून गळ्यात सोडला.

"तिथं काय बोलणं झालं?"

"मावशींनी..."

"थांब. सांगू नकोस. तू कचेरीची म्हणून ते ऐकलेलं नाहीस, मला ते वापरता येणार नाही." त्या खिडकीपाशी गेल्या. "तुझी जबानी मी काढून टाकते. दुसऱ्या मुलीची एकटी राहील. 'आली, जागा नव्हती, गेली', एवढाच तिचा अर्थ उरतो. त्या इस्त्रीवाल्या बाईंना मला आता सांगावं लागेल की आपली बाजू लंगडी झाली."

"मला माफ करा बाई."

"माफी मागायचीच असेल तर त्यांची माग. आणि प्रशस्तिपत्र मला देता येणार नाही. रागानं नाही म्हणत. लिहायचं काय त्यात? पुढच्या वर्षी दुसऱ्या कचेरीत पुन्हा कर. तोवर मुदत पुरी होईपर्यंत फायली सांभाळ."

त्या आठवड्यात दादाचा फोन आला तेव्हा घुमीने त्याला सर्व सांगितले. इंजिनाचा घरघराट थांबला. त्याने मोटार कडेला घेतली असावी.

"म्हणजे कागद नाही मिळणार?"

"नाही."

"तुला कोणी पकडलं होतं का?"

"नाही. मीच सांगितलं."

दादा मग म्हणाला, "बोलायला शिकलीस ती नेमकी इथंच होय गं घुमे?" आणि थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, "जेवलीस का?"

घुमीने हो म्हटले. पलीकडे मावशी नव्हती, म्हणून ते खोटे खपून गेले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये नकाशा आपले ताट घेऊन घुमीच्या टेबलापाशी आली आणि समोर बसली.

"आता आपण जोडी नाही," ती म्हणाली. "म्हणजे बसायला हरकत नाही."

"राग गेला?"

"छे! चांगला दणदणीत आहे. पण एकटीनं जेवायचाही कंटाळा आला होता."

इतके दिवस घुमी ज्या बोलण्याची वाट पाहत होती ते बोलणे आता समोर येऊन बसले, पण चमचे तेवढे वाजत राहिले.

सुनावणीचा दिवस उगवला. घुमीची जबानी गळाल्यामुळे तिला आत जागा नव्हती. बाहेरच्या बाकापाशी उभे राहून लोकांना पाणी देणे आणि पुकारा होईल तसे आत सोडणे, हे काम तिच्याकडे होते. तक्रारदार इस्त्रीवाली आधी येऊन आत जाऊन बसली. ती बारीक, ताठ बाई होती, आणि तिने हातमोजे घातले होते. पाण्याचा पेला घेताना तिने "आभारी आहे" म्हटले, तेव्हा घुमी मागायची होती ती माफी न मागताच दुसरा पेला भरू लागली.

मग मावशी आली. मालक स्वतः आला नव्हता. त्याने वकील दिला होता आणि मावशीला पुढे केले होते. इस्त्री केलेला उत्तम कोट घालून, परंतु पांढऱ्याफटक तोंडाने ती जिना चढून वर आली आणि घुमीला पाहून तिच्या चेहऱ्यावर जीव आला.

"अगं बटणवाली! तू इथं कशी? तुलाही कुणी कामावरून काढलं की काय? कुठं गेली होतीस इतके दिवस, तुझी चादर..."

इतक्यात तिचे लक्ष घुमीच्या छातीवरील कचेरीच्या बिल्ल्याकडे गेले. तिने तो वाचला. मग तिने त्याच्या खालच्या बटणाकडे पाहिले, ज्याचा दोरा निळा होता.

"अच्छा," ती हळूच म्हणाली. "म्हणजे सगळं सांगितलंस."

नाही हो मावशी, ते नाही सांगितलं, ते मी कुणालाच सांगितलं नाही, असे घुमीच्या जिभेच्या टोकावर आले. परंतु पक्षकाराशी प्रकरणाविषयी बोलण्याची मनाई होती, आणि एकदा मोडलेल्या नियमाची किंमत ती अजून चुकती करीत होती.

"पाणी घ्या मावशी," एवढेच ती म्हणाली.

मावशीने पाणी घेतले नाही. आतून पुकारा झाला आणि ती आत गेली. दार पुरते लागत नसे. फटीतून सारे ऐकू येई.

"आधी एक सांगते," तपासनीस बाईंचा आवाज आला. "दुसऱ्या मुलीची जबानी आम्ही काढून टाकली आहे. तिच्यातलं काहीही आज विचारात घ्यायचं नाही."

"काढली असेल," मावशी म्हणाली. "सांगितली तर होतीच ना तिनं. कुणाला तरी कळलंच."

"तुम्ही काम मागायला येणाऱ्यांचे हात तपासता का?"

वकील काहीतरी बोलू लागला. मावशीने त्याला थांबवले.

"अहो, तुम्ही बसा. आता झाकून काय उरलंय? हो, बघते. सगळ्यांचे बघते. त्या सकाळच्या मुलीचे बघितले आणि तिला जागा भरली म्हणून खोटं सांगितलं. या माझ्या मैत्रिणीचे हातही मीच बघितले, हिच्या आधी मला दिसले ते डाग. आणि मालकाला मीच सांगितलं." तिचा आवाज फुटला. "गिऱ्हाईक एकच बोललं होतं गं. एकच. तुझ्याकडं बघून सांगायची हिंमत झाली नाही मला."

इस्त्रीवाली काय बोलली ते घुमीला ऐकू आले नाही.

बाहेर येताना मावशी घुमीच्या समोरून गेली, परंतु तिने मान वर केली नाही. कचेरीचा निकाल लवकरच लागला: इस्त्रीवालीला तिच्या जागी परत घ्यावे, आणि यापुढे कोणाचे हात तपासू नयेत. ज्या गोष्टीसाठी कात्री लागणार होती ती मावशीने स्वतःच उसवून दिली, असे तपासनीस बाई म्हणाल्या. घुमीकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "तू ते सांगितलं नव्हतंस, हे मला ठाऊक आहे."

ते जिला ठाऊक असावयास हवे होते, तिला मात्र नव्हते.

मुदत संपत आली तेव्हा घुमी एका दुपारी लाँड्रीसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. आता तिला मनाई नव्हती. काचेतून दोन्ही टेबले दिसत होती. दोघीजणी इस्त्री करीत होत्या. हातमोजे नव्हते. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, बघतही नव्हत्या. मग मावशीने हात बाजूला केला, आणि तो तसाच हवेत राहिला. बराच वेळ राहिला. अखेर इस्त्रीवालीने न बघता पाण्याचा फवारा उचलून त्या हातात ठेवला.

घुमी दारापर्यंत गेली. मी तुमचं बोलणं फोडलं नाही, हे एक वाक्य सांगायचे आणि परत फिरायचे, एवढेच तिच्या मनात होते. दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा तिला वाटले की, हे ऐकल्यावर मावशी काय समजेल? आपण कबूल केले ते उगीचच, कोणाला काही कळलेच नव्हते, असे समजेल. ते खरे बोलणे मग तिला स्वतःची चूक वाटू लागेल. मैत्रिणीकडे बघून ती जे बोलली त्याला अशी घडी पाडावी, तीही केवळ आपले नाव स्वच्छ व्हावे म्हणून? तिने मूठ सोडली. मुठीला आतली ऊब लागली होती.

चादर न घेताच ती परतली.

निघण्याच्या दिवशी नकाशा तिच्या खोलीवर आली. तिच्या काखेत एक कागदी पुडके होते.

"तुझी पावती मागून नेली होती ना मी परवा. घे, तुझी चादर. दोन्ही हात काउंटरवर ठेवून मागितली."

"काही म्हणाल्या?"

"कोणाची, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या जोडीतल्या दुसरीची. मग आत गेली, बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, देत नाही आता. मग आणून दिली. माझ्या हातात दिली."

नकाशा बस गाठायला म्हणून लगेच निघाली. जिन्यात तिने पाय वाजवले, आणि घुमीला ते बरे वाटले.

घुमीने पुडके सोडले. चादरीला अजून इस्त्रीचा वास होता. उसवलेली कड हाताला लागली नाही, म्हणून तिने चादर उजेडात धरून शोधली. कड शिवलेली होती, बारीक टाक्यांनी, निळ्या दोऱ्याने. हे टाके मावशीने केव्हा घातले? चादर टाकली त्याच आठवड्यात, जेव्हा घुमी अजून तिची बटणवाली होती? की परवा, नकाशाला काउंटरपाशी ताटकळत ठेवून, सगळे ठाऊक असताना? घुमी कितीतरी वेळ त्या टाक्यांवरून अंगठा फिरवीत बसली. टाके सारखेच होते. त्यांवरून काही कळण्यासारखे नव्हते.

तिने चादर घडी घालून बॅगेत सर्वांत वर ठेवली, खोली झाडली, नळ घट्ट बंद केला, आणि खणातल्या चिठ्ठ्या तिथेच राहू दिल्या.

ज्या वाचकांनी ही कथा इथवर चित्त देऊन वाचली, त्यांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात न्यून राहिले असल्यास पदरात घ्यावे.

आपला कृपाभिलाषी,
बाइंडर आप्पा